हिमवादळाआधीचे काम : महामार्गावर बर्फ चिकटू न देण्याची पद्धत

सातारा जिल्ह्यात बर्फाचे दर्शन होते ते डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे, महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाच्या जेटीवर, उभ्या मोटारींच्या टपांवर आणि लिंगमळा परिसरातल्या स्ट्रॉबेरीच्या पानांवर, आणि तेही ऊन वर येईपर्यंतच. खंबाटकी आणि पसरणी घाटांना धुके, पाऊस आणि दरडी यांचा त्रास आहे, हिमवादळाचा नाही. तरीही बर्फ पडण्याआधी रस्त्यावर मिठाचे द्रावण शिंपडण्याचा हा विषय आपल्या भागातल्या वाचकासाठी मराठीत सविस्तर लिहिण्यासारखा आहे. कराडच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयातून आणि सांगलीच्या वालचंद महाविद्यालयातून स्थापत्य शाखेची पदवी घेतलेली मुले आता हिमाचल, काश्मीर आणि लडाखमधल्या रस्त्यांच्या आणि बोगद्यांच्या कंत्राटांवर कामाला जातात. अपशिंगे मिलिटरीसारख्या गावांतले जवान पिढ्यान्‌पिढ्या त्याच भागात नोकरी करत आले आहेत. आणि तासगावचा बेदाणा किंवा सांगलीची हळद घेऊन उत्तरेकडे जाणारा ट्रकचालक तर बर्फाळ रस्ता प्रत्यक्ष चाकाखाली अनुभवतो. पुढील मजकूर मुख्यतः अशा रस्त्याच्या देखभालीची जबाबदारी अंगावर पडलेल्या कनिष्ठ अभियंत्यासाठी किंवा साइट सुपरवायझरसाठी आहे.

आधी हेतू स्पष्ट असावा

रस्त्यावर पडलेला भुसभुशीत बर्फ ही फारशी अवघड गोष्ट नसते; ब्लेड लावलेले वाहन तो बाजूला सारते. अडचण सुरू होते ती या बर्फाचा सर्वांत खालचा थर वाहनांच्या वजनाने दाबला जाऊन, थोडा वितळून, डांबराच्या खडबडीत पृष्ठभागात शिरून पुन्हा गोठतो तेव्हा. मग बर्फ आणि रस्ता एकजीव होतात आणि ब्लेड त्याच्या वरून घसरत जाते. कोरड्या डांबरावर घर्षणांक, म्हणजे टायरच्या पकडीचे माप, साधारण ०.७ धरला, तर बर्फावर तो ०.१ च्या आसपास येतो. म्हणजे ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन ब्रेक लागल्यापासून कोरड्या रस्त्यावर सुमारे १४ मीटरमध्ये थांबेल, तर बर्फावर त्याला जवळजवळ १०० मीटर लागतील.

अनेकांची समजूत अशी असते की रस्त्यावर मीठ टाकायचे ते पडलेला बर्फ वितळवण्यासाठी. हिशेब करून पाहिल्यास या समजुतीतला फोलपणा लगेच दिसतो. साडेतीन मीटर रुंदीच्या एका लेनच्या एका किलोमीटरवर १० सेंटिमीटर ताजा बर्फ पडला आणि त्याची घनता घनमीटरला १०० किलो धरली, तर त्या पट्ट्यावर ३५ टन बर्फ असतो. उणे ७ अंश सेल्सिअसच्या आसपास एक किलो मीठ साडेआठ किलोच्या जवळपास बर्फ वितळवू शकते, म्हणजे तो सगळा बर्फ वितळवायला एका लेन-किलोमीटरला चार टन मीठ लागेल. याउलट बर्फ पडण्यापूर्वी त्याच पट्ट्यावर मिठाचे १०० लिटर द्रावण शिंपडले, तर मीठ खर्च होते सुमारे २७ किलो. एवढ्याशा मिठाने बर्फ वितळत नाही, आणि तशी अपेक्षाही नाही. त्याने फक्त रस्ता आणि बर्फ यांच्या सांध्यावर एक पातळ, न गोठणारा ओलावा टिकून राहतो आणि वरचा बर्फ ब्लेडने सुटून येतो. तव्याला आधी तेलाचा हात फिरवून मग धिरडे घालावे, तसे हे आहे. धिरडे चिकटून बसल्यावर कडेने कितीही तेल सोडले तरी ते फाटतच निघते.

म्हणून दोन गोष्टी एकदम मनात ठेवाव्यात. द्रावण बर्फाच्या आधी पडले पाहिजे, आणि त्याच्या मागोमाग ब्लेड आले पाहिजे. ब्लेडची व्यवस्था नसताना नुसते द्रावण शिंपडणे हा पैशांचा अपव्यय आहे, असे मी स्पष्टपणे म्हणेन. अमेरिकेच्या संघीय महामार्ग प्रशासनाने १९९६ मध्ये या कामाची मार्गदर्शिका काढली, तिचाही रोख वेळ साधण्यावर आणि रस्त्याच्या पृष्ठभागाची माहिती ठेवण्यावर होता. रसायनाची निवड त्यानंतर येते.

ही पद्धत कोठे लागू पडते

साधे मीठ रस्त्याचा पृष्ठभाग उणे ९ अंशांपर्यंत असेल तोवर व्यवहारात उपयोगी पडते. त्यापेक्षा थंडी वाढली की त्याचे काम इतके मंदावते की ते टाकून काही साधत नाही. यावरून जागा ठरतात. काझीगुंड-बनिहालचा पट्टा, मनाली ते सोलंग, शिमला आणि डलहौसीचा परिसर, अशा ठिकाणी हिवाळ्यात तापमान शून्याच्या खाली-वर खेळत असते, आणि तेथे ही पद्धत चांगली चालते. ३,५०० मीटरवरचा झोजिला, द्रास किंवा खारदुंगला यांसारख्या जागी भर हिवाळ्यात मिठाच्या भरवशावर राहू नये; तेथे स्नो कटर, डोझर आणि खडी यांनाच पर्याय नाही. सीमा रस्ते संघटना, जिची स्थापना ७ मे १९६० रोजी झाली, तिच्या कामाचा मोठा भाग यांत्रिक हिमसफाईचा आहे तो याच कारणाने.

बोगद्यांच्या तोंडांचा वेगळा विचार करावा लागतो. रोहतांगखालचा अटल बोगदा ९.०२ किलोमीटरचा आहे आणि ३ ऑक्टोबर २०२० रोजी तो वाहतुकीला खुला झाला. अशा बोगद्याच्या आत रस्ता कोरडा आणि तुलनेने उबदार असतो, आणि बाहेर पडताच वाहन एकदम गोठलेल्या पृष्ठभागावर येते. चालकाला अंदाज बदलायला वेळच मिळत नाही. आतून बाहेर जाणारी वाहने टायरांबरोबर वितळलेले पाणीही घेऊन जातात आणि ते तोंडापाशी गोठते. बोगद्याच्या दोन्ही तोंडांपुढचे पहिले काही शे मीटर हे म्हणूनच द्रावण शिंपडण्याच्या यादीत सर्वांत वर असावेत.

पृष्ठभागाचे तापमान मोजणे

हवेचे तापमान आणि रस्त्याचे तापमान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि सगळे निर्णय दुसऱ्यावर घ्यायचे असतात. महाबळेश्वरात ज्या पहाटे दवबिंदू गोठल्याची बातमी येते, त्या पहाटे वेधशाळेच्या पेटीतला पारा बहुधा शून्याच्या बराच वर असतो. पेटी जमिनीपासून सव्वा मीटर उंच असते, तर उघड्या आकाशाखालचे पान, पत्रा किंवा फळी रात्रभर आपली उष्णता आकाशाकडे सोडत राहते आणि भोवतालच्या हवेपेक्षा कितीतरी थंड होते; त्यात तलावाकाठी दमट हवा असते. निरभ्र, वारा पडलेल्या रात्री महामार्गावर हेच घडते. मोबाइलवर ३ अंश दिसत असताना रस्ता उणे १ वर असू शकतो. उलट, दिवसभर उन्हात तापलेला रस्ता हवा शून्याखाली गेल्यावरही काही तास उबदार राहतो आणि पहिला बर्फ त्यावर पडताच वितळतो.

मोजण्यासाठी इन्फ्रारेड तापमापक पुरतो. त्याचे उत्सर्जकतेचे (पृष्ठभाग किती उष्णता बाहेर टाकतो याचे) मूल्य ०.९५ ठेवावे आणि वाहनाच्या उबदार केबिनमधून बाहेर काढल्यावर पंधरा-वीस मिनिटे तो बाहेरच्या थंडीत राहू द्यावा, नाहीतर आकडे भरवशाचे येत नाहीत. मोजताना तापमापक रस्त्याच्या शक्य तितका जवळ आणि उभा धरावा. दुरून आणि तिरका धरला की कडेच्या बर्फाचे तापमानही त्यात मिसळते. गोठणाऱ्या भागाला जाणाऱ्या नव्या मुलांनी याचा सराव महाबळेश्वर-पाचगणीच्या रस्त्यावर थंडीच्या पहाटे जरूर करावा. मोकळे पठार, झाडीखालचा रस्ता, पूल आणि तलावाकाठ यांच्या आकड्यांत किती तफावत पडते, हे हाताने मोजल्याशिवाय पटत नाही.

हंगाम सुरू होण्यापूर्वी आपल्या ताब्यातल्या पट्ट्याचा थंड जागांचा नकाशा करून ठेवावा. पूल सर्वांत आधी गोठतात, कारण त्यांना वरून आणि खालून दोन्हीकडून थंड हवा लागते आणि जमिनीची ऊब मिळत नाही. त्यानंतर दिवसभर सावलीत राहणाऱ्या उत्तराभिमुख कटिंगमधला रस्ता, ओढ्याच्या कडेची वळणे, आणि डोंगरातून झरा पाझरून जेथे रस्त्यावर येतो त्या जागा. झऱ्याच्या जागेवर कितीही मीठ ओतले तरी पाणी ते वाहून नेते. तेथे ऑक्टोबरपूर्वी गटार किंवा मोरी करून पाणी वळवणे हाच उपाय आहे.

अंदाज वाचणे आणि निर्णय घेणे

उत्तरेकडच्या डोंगरांत हिवाळ्यातला बहुतेक बर्फ पश्चिमी विक्षोभांमुळे, म्हणजे पश्चिमेकडून येणाऱ्या वादळी प्रणालींमुळे, पडतो आणि भारतीय हवामान विभागाच्या अंदाजात त्याची चाहूल काही दिवस आधी लागते. त्या अंदाजातून चार गोष्टी काढून घ्याव्यात. पर्जन्य कधी सुरू होणार, ते पावसाने सुरू होणार की बर्फाने, त्या वेळी आणि त्यानंतरच्या सहा-आठ तासांत पृष्ठभागाचे तापमान कोठे जाणार, आणि वारा किती असणार.

सुरुवात थेट बर्फाने होणार असेल आणि रस्ता उणे ९ च्या वर राहणार असेल, तर द्रावण शिंपडावे. ते बर्फ सुरू होण्यापूर्वी काही तास ते एक दिवस आधी पडावे. कोरड्या हवेत द्रावणातले पाणी उडून जाते आणि रस्त्यावर मिठाच्या पांढऱ्या रेघा राहतात. त्या पुढे ओलावा मिळताच पुन्हा कामाला लागतात. त्यामुळे वाहतूक कमी असलेल्या रस्त्यावर दोन दिवस आधी केलेले कामही उपयोगी पडते, आणि सुट्टीच्या दिवशी ऐन वेळी धावपळ करण्यापेक्षा आदल्या दिवशी दुपारी शांतपणे काम उरकता येते.

सुरुवात पावसाने होणार असेल तर थांबावे. पाऊस मीठ धुऊन नेतो आणि टँकर रिकामा होण्यापलीकडे काही हाती लागत नाही. अशा वेळी पावसाचे बर्फात रूपांतर होताना ओलसर केलेले दाणेदार मीठ टाकणे बरे. रस्त्याला लागताच गोठणाऱ्या पावसातही द्रावण लगेच पातळ होते, म्हणून तेथेही दाणेदार मीठच वापरावे. जोराचा वारा आणि अतिशय थंड, कोरडा, भुरभुरणारा बर्फ असेल तर रस्ता मुद्दाम कोरडा ठेवावा. असा बर्फ कोरड्या रस्त्यावरून वाऱ्याबरोबर उडून जातो, पण ओल्या रस्त्याला तो धरतो. येथे काहीही न करणे हाच योग्य निर्णय असतो, आणि तो वरिष्ठांना पटवून देण्याची तयारी अभियंत्याने ठेवावी.

बर्फ पडणार नसला तरी निरभ्र रात्री दव गोठून रस्त्यावर पारदर्शक पापुद्रा धरण्याची शक्यता असते. हा पापुद्रा डांबराच्या काळ्या रंगात मिसळून जातो आणि चालकाला दिसत नाही. पृष्ठभाग शून्याखाली आणि त्याच वेळी हवेच्या दवबिंदू तापमानाखाली (ज्या तापमानाला हवेतला ओलावा दव होऊन साचू लागतो त्याखाली) जाणार असेल, तर पुलांवर आणि सावलीच्या वळणांवर तेवढेच द्रावण शिंपडावे. मिठाचे द्रावण सर्वांत कमी खर्चात सर्वांत जास्त फायदा देते ते याच कामात.

कोणते रसायन

साधे मीठ स्वस्त आहे, गुजरातेतून हवे तेवढे मिळते आणि हाताळायला सोपे आहे. सुरुवात त्यानेच करावी. कॅल्शियम क्लोराइड आणि मॅग्नेशियम क्लोराइड जास्त थंडीत काम करतात. योग्य तीव्रतेच्या द्रावणात त्यांचे गोठण्याचे किमान बिंदू अनुक्रमे सुमारे उणे ५१ आणि उणे ३३ अंश आहेत. मात्र ही दोन्ही हवेतला ओलावा ओढून घेतात. दमट आणि तुलनेने उबदार हवेत त्यांनी रस्ता स्वतःच निसरडा होऊ शकतो, आणि मॅग्नेशियम सिमेंटच्या काँक्रीटलाही बाधक आहे. विमानतळांवर पोटॅशियम अॅसिटेटसारखी क्लोराइड नसलेली द्रव्ये वापरतात. ती पोलादाला आणि विमानाच्या धातूंना तुलनेने सौम्य असली, तरी महामार्गाच्या लांबीवर त्यांचा खर्च झेपत नाही.

युरियाचा मोह टाळावा. तो थोड्याच थंडीपर्यंत चालतो, वितळलेल्या पाण्याबरोबर ओढ्यात जाऊन अमोनियाने पाणी बिघडवतो, आणि शेतीसाठीचा अनुदानित युरिया अशा कामाला वापरणे बेकायदेशीर आहे. साखर कारखान्यांच्या आपल्या पट्ट्यातल्या वाचकाला एक गोष्ट रंजक वाटेल. अमेरिकेत बीटाच्या साखरेचा उरलेला चिकट द्रव मिठाच्या द्रावणात मिसळतात, त्याने मीठ रस्त्यावर जास्त काळ धरून राहते. म्हणून कोणी उसाची मळी डोंगरातल्या रस्त्यावर थेट ओतायला निघू नये. तिचा सेंद्रिय भार खालच्या ओढ्याला सोसत नाही.

द्रावण तयार करणे

मिठाच्या द्रावणाची योग्य तीव्रता वजनाने २३.३ टक्के. याच प्रमाणात ते सर्वांत उशिरा, म्हणजे उणे २१ अंशांना गोठते. १० टक्क्यांचे द्रावण उणे साडेसहाच्या आसपास गोठते आणि २० टक्क्यांचे उणे साडेसोळाला. यावरून अनेकांना वाटते की २६ टक्के केले तर आणखी बरे, प्रत्यक्षात २३.३ च्या वर गेल्यावर गोठणबिंदू पुन्हा वर चढू लागतो. जवळजवळ संपृक्त द्रावण शून्य अंशाच्या आसपासच खडे धरते आणि नेमक्या थंडीच्या रात्री पंप व नोझल तुंबवते.

१,००० लिटर पाण्याला ३०४ किलो मीठ हे प्रमाण. त्यातून सुमारे १,११० लिटर द्रावण मिळते. मीठ टाकीच्या तळाशी भरून पाणी खालून वर सोडण्याची पद्धत सर्वांत सोयीची. वर येणारे गाढ द्रावण दुसऱ्या टाकीत घेऊन पाणी घालून नेमके करता येते. आगराच्या मिठात माती आणि कचरा असतो, म्हणून द्रावण स्थिर होऊ द्यावे आणि बारीक जाळीतून गाळूनच टँकरमध्ये भरावे.

तीव्रता डोळ्यांनी ओळखता येत नाही. द्रवाची घनता मोजणारा हायड्रोमीटर वापरावा, १५ अंश सेल्सिअसला २३.३ टक्के द्रावणाची विशिष्ट घनता १.१७६ येते. द्रावण त्याहून थंड असेल तर आकडा किंचित जास्त दिसतो, ही दुरुस्ती ध्यानात ठेवावी. द्राक्षाची गोडी रिफ्रॅक्टोमीटरवर पाहणाऱ्या सांगलीकडच्या मुलांना मिठासाठीचा रिफ्रॅक्टोमीटरही सहज हाताळता येईल, पण साखरेच्या ब्रिक्स मोजपट्टीवरचा आकडा मिठाचा म्हणून लिहू नये.

ही सगळी क्रिया घरच्या घरी पाहण्यासारखी आहे. दोन लहान शहाबादी तुकडे घ्यावेत. एकावर वरच्या प्रमाणात केलेल्या द्रावणाचे काही थेंब पसरून ते वाळू द्यावे, दुसरा कोरा ठेवावा. दोन्ही फ्रिजच्या बर्फाच्या कप्प्यात, शक्य तितक्या कमी थंडीवर, नीट गार होऊ द्यावेत. मग कप्प्याच्या भिंतीवरचे खरवडलेले हिम दोन्हींवर सारखे पसरून दाबावे आणि काही तासांनी उलथन्याच्या धारेने काढून पाहावे. कोऱ्या फरशीवर हिमाचा थर धरून बसतो, तर मिठाच्या फरशीवर त्याच्या बुडाशी ओलसर पट्टा राहतो आणि तो सरकतो. हाच प्रयोग हिमाऐवजी पाणी ओतून केला तर मीठ सगळ्या पाण्यात विरघळून फुकट जाते, आणि कप्पा पूर्ण थंडीवर, उणे १८ ला ठेवला तर मिठाच्या फरशीचाही फायदा जवळजवळ दिसेनासा होतो. पाऊस आधी पडणार असेल तर द्रावण का शिंपडू नये आणि उणे ९ ची मर्यादा का पाळावी, हे दोन्ही येथे समोर दिसते.

टँकर आणि नोझल

द्राक्षबागेत ब्लोअर चालवलेल्या माणसाला हे यंत्र परके वाटणार नाही, फक्त येथे हवा असलेला परिणाम उलट आहे. बागेत औषधाचे बारीक धुके हवे असते. रस्त्यावर धुके अजिबात नको, कारण ते वाऱ्याने उडते आणि सगळा रस्ता एकसारखा ओला करते. येथे सरळ, सलग धार सोडणारी नोझल लागतात. ती २० ते ३० सेंटिमीटर अंतरावर, रस्त्यापासून फार उंच नाही अशी बसवावीत, म्हणजे रस्त्यावर द्रावणाच्या समांतर रेघा पडतात आणि मधल्या कोरड्या पट्ट्यांवर टायरची पकड टिकते.

प्रमाण एका लेन-किलोमीटरला ७० ते १२० लिटर. साधा बर्फ अपेक्षित असेल तर १०० लिटर धरावे. नुसत्या दवासाठी ७० पुरते. आता १०० लिटरचा हिशेब. टँकर ताशी ४० किलोमीटरने चालणार असेल तर तो मिनिटाला ०.६७ किलोमीटर जातो, म्हणून सगळ्या नोझलमधून मिळून मिनिटाला ६७ लिटर बाहेर पडले पाहिजेत. साडेतीन मीटरच्या लेनवर २५ सेंटिमीटर अंतराने १४ नोझल बसतात. प्रत्येकाच्या वाट्याला मिनिटाला ४.८ लिटर येतात. टँकर उभा करून, पंप चालू ठेवून, प्रत्येक नोझलखाली बादली धरावी आणि अर्ध्या मिनिटात २.४ लिटर जमतात का ते मापावे. ही चाचणी साध्या पाण्याने करत असाल तर आकडा ८ टक्के जास्त यायला हवा, कारण द्रावण पाण्यापेक्षा जड असल्याने त्याच दाबाला ते तेवढे कमी बाहेर पडते. जे नोझल इतरांपेक्षा कमी देते ते साफ करावे, आणि झिजून जास्त देत असेल तर बदलावे. ही चाचणी हंगामाच्या सुरुवातीला एकदा करून भागत नाही.

घाटात वेग ताशी २५ पर्यंत उतरतो, म्हणून वेगानुसार प्रवाह आपोआप बदलणारा नियंत्रक असल्यास फार बरे. तो नसल्यास घाटासाठी वेगळा दाब आधीच काढून केबिनमध्ये चिकटवून ठेवावा. २० किलोमीटरच्या दुपदरी रस्त्याला ४,००० लिटर द्रावण लागते आणि त्याचे वजन ४.७ टन होते. अर्धवट भरलेल्या टाकीतले एवढे जड द्रावण वळणावर आणि ब्रेक लावताना हेलकावते, त्यामुळे टाकीत आडव्या पडद्या नसतील तर असा टँकर घाटात सोडू नये.

शिंपडणे

वेळ कमी असेल तर नकाशातल्या थंड जागा आधी घ्याव्यात. बराच काळ कोरड्या राहिलेल्या रस्त्यावर तेल आणि धुळीचा थर असतो, तो द्रावणाने भिजल्यावर काही वेळ निसरडा होतो. म्हणून हंगामातली पहिली फेरी निम्म्या प्रमाणात करावी. वळणावर रस्त्याला आतल्या बाजूने उतार असतो आणि द्रावण तिकडे ओघळते. तेथे बाहेरच्या, उंच बाजूच्या नोझलवर लक्ष ठेवावे. टँकरच्या मागे इशारा देणारे वाहन असावे, कारण मागून येणारा चालक ओला रस्ता पाहून अचानक ब्रेक लावतो.

वादळ सुरू झाल्यावर

दोन-तीन सेंटिमीटर बर्फ साचला की ब्लेड फिरले पाहिजे. वाहनांनी तो दाबून घट्ट करण्यापूर्वी तो निघाला, तर खालची ओल आपले काम करते. सफाई झाल्यावर लगेच, उघड्या पडलेल्या रस्त्यावर पुढची मात्रा द्यावी; आधी मीठ टाकून पाठोपाठ ब्लेड फिरवले तर ते मीठ बर्फाबरोबर दरीत जाते. आता रस्ता ओला असल्याने द्रावणाऐवजी दाणेदार मीठ वापरावे, आणि ते टाकतानाच टनाला ३० ते ४० लिटर द्रावणाने ओलसर करावे. कोरडे खडे उडून कडेला जातात, ओलसर केलेले जागीच राहतात आणि लवकर विरघळू लागतात. मात्रा लेन-किलोमीटरला ३० ते ५५ किलो, थंडी वाढेल तशी वरच्या टोकाकडे.

या अवस्थेत सर्वांत घातक चूक म्हणजे अर्धवट सोडणे. वितळलेल्या पाण्याने मीठ पातळ होत जाते. ५ टक्क्यांवर आलेले द्रावण उणे ३ अंशांना गोठते. दुपारी ओला आणि सुरक्षित दिसणारा रस्ता सूर्य डोंगराआड जाताच काचेसारखा होतो, म्हणून संध्याकाळी तापमान उतरण्यापूर्वी एक फेरी ठरलेलीच असावी. पृष्ठभाग उणे ९ च्या खाली जाऊन तेथेच राहणार असे दिसले, तर मीठ बंद करून फक्त ब्लेड चालवावे आणि चढ-वळणांवर खडी किंवा जाड वाळू टाकावी. वाळूने बर्फ वितळत नाही, तिने फक्त तात्पुरती पकड मिळते. वाळूवर पुन्हा बर्फ पडला की तीही गेली.

येथे ट्रकचालकांसाठी थोडेसे. द्रावणाच्या पांढऱ्या रेघा दिसल्या म्हणजे रस्ता सुरक्षित झाला असे समजू नये. पोलिसांनी साखळ्या लावायला सांगितल्या तर त्या लावाव्यात, ब्लेडच्या वाहनाला ओलांडू नये, आणि बोगद्यातून बाहेर पडण्यापूर्वीच वेग कमी करावा. मुक्कामी पोहोचल्यावर चासी, ब्रेकचे पाइप आणि विजेचे जोड साध्या पाण्याने धुऊन घ्यावेत.

वादळ सरल्यावर

मिठाची किंमत पोतीच्या दरात दिसते त्याहून मोठी असते. क्लोराइड पुलाच्या काँक्रीटमध्ये हळूहळू झिरपते, आतल्या सळईला गंज चढतो, गंजाने सळई फुगते आणि काँक्रीट फुटते. म्हणून पुलाच्या सांध्यांतून खाली गळणारे पाणी बंद करणे, पाणी काढणारे नळ मोकळे ठेवणे आणि थंडी संपताच संपूर्ण स्लॅब व सांधे भरपूर पाण्याने धुणे ही कामे देखभालीच्या कंत्राटात स्वतंत्र बाब म्हणून लिहून घ्यावीत, नाहीतर ती होत नाहीत. मिठाचा साठा पक्क्या फरशीवर आणि छपराखाली, विहीर व झऱ्यापासून दूर असावा. प्रत्येक फेरीनंतर पंप, बूम (नोझल बसवलेली आडवी नळी) आणि नोझल गोड्या पाण्याने धुतल्याशिवाय टँकर शेडमध्ये लावू नये.

प्रत्येक फेरीची नोंद त्याच दिवशी करावी: वेळ, जागा, पृष्ठभागाचे तापमान, द्रावणाची घनता, लिटर, आणि पुढे ब्लेड फिरवल्यावर बर्फ सुटला की धरून बसला. पुढच्या हंगामात एखाद्या पुलाला ७० लिटर पुरतात आणि त्याच्याच पुढच्या सावलीतल्या वळणाला १२० लागतात, हे या वहीतूनच कळते. पाळीवर नवा आलेला अभियंता थंड जागांचा नकाशाही तिच्यावरूनच दुरुस्त करू शकतो.